निकडीचं पत्र

उरणच्या बंदरातल्या यार्डात दिपेश ठाकूर गाडी मागे घेऊ लागला की माणसं हातातलं काम टाकून बघत उभी राहत. चाळीस फुटी कंटेनर लादलेला ट्रेलर, दोन्ही अंगांना वीतभर जागा, आणि हा गडी एका हातात चहाचा कप धरून पहिल्याच फटक्यात गाडी जागेवर लावी. वीस वर्षं तो हेच करत आला होता. त्याचा बाप धर्मा मिठागरात अनवाणी राबून म्हातारा झाला आणि वारला तेव्हाही त्याच्या छातीच्या फासळ्या दिसत होत्या. मिठागर रस्त्याखाली गेलं नि त्याच रस्त्यावर पोरगा गाडी हाकू लागला. बापाच्या अंगाला जे मांस कधी लागलं नाही ते सगळं पोराच्या अंगावर आलं. बेचाळिसाव्या वर्षी दिपेशचं वजन एकशे बावीस किलो भरत होतं.

त्याची चेष्टा व्हायची. रिकामी गाडी वजनकाट्यावर चढली की काटेवाला खिडकीतून ओरडे, "दिपेश, आधी तू खाली उतर, मग गाडीचं वजन घेतो!" सगळे हसत आणि दिपेश सगळ्यांत मोठ्याने हसे. हसणाऱ्याला कोणी काही विचारत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

विचारलं असतं तर काय सांगणार होता? त्याला झोपेची भीती वाटत होती.

दोन वर्षं झाली होती. रात्रभर आडवा पडूनही तो सकाळी असा उठे की जणू कोणीतरी रात्रभर छातीवर बसून होतं. मग दिवसा डोळे मिटत. गेटच्या रांगेत मिटत, जेवताना घास हातात असताना मिटत. त्याने हिरवी मिरची चावून बघितली, ओला टॉवेल मानेवर टाकून बघितला. मांडीला चिमटे काढून काढून मांड्या काळ्यानिळ्या झाल्या. बायकोने, अमिषाने, एकदा विचारलं तर म्हणाला, गियरचा दांडा लागतो.

एप्रिलमधल्या एका दुपारी, भरलेली गाडी घेऊन चिर्ल्याच्या वळणाकडे येताना, त्याला झोप लागली. किती वेळ ते त्याला कधीच कळलं नाही. चाकाखाली काहीतरी कडकड मोडलं, त्या आवाजाने डोळे उघडले. ट्रेलर डांबर सोडून कडेच्या मातीत उतरला होता. त्याने जीव खाऊन स्टिअरिंग ओढलं, गाडी रस्त्यावर आली, आणि मग त्याने आरशात बघितलं.

रस्त्याच्या कडेला एक म्हातारी ताडगोळे विकायला बसायची. तिची टोपली चपटी झाली होती. ताडगोळ्यांचा पांढरा गर मातीत पसरला होता. आणि तिथून चार पावलांवर ती म्हातारी हातात तांब्या घेऊन उभी होती. पाणी आणायला उठली होती, एवढंच. तेवढंच.

दिपेश थांबला नाही.

दोन मैल पुढे जाऊन त्याने गाडी बाजूला घेतली, खाली उतरला आणि चाकाजवळ उकिडवा बसायचा प्रयत्न केला. पोट आड आलं, बसता येईना. तो मातीत चक्क गुडघ्यांवर टेकला. टायरच्या खाचेत पांढरा गर अडकला होता. काडीने त्याने तो कोरून काढला, काडी दोनदा मोडली.

हे त्याने कोणालाही सांगितलं नाही. त्या दिवसापासून ते वळण आलं की तो दुसऱ्या बाजूला तोंड करी.

*

जूनमधला रविवार होता. जेवून दिपेश ओटीवर लवंडला, तो पंख्याचा आवाज बुडेल असा घोरू लागला. त्याची मुलगी प्राप्ती, अकरा वर्षांची, तिने मैत्रिणींना दाखवायला म्हणून मोबाइलवर त्याचं चित्रण केलं. संध्याकाळी ती हसत हसत बापाला दाखवायला आली, पण दाखवता दाखवता तिचंच हसू मावळलं.

"पप्पा, इथे बघा. इथे तुम्ही थांबलात."

दिपेशने बघितलं. पडद्यावर एक प्रचंड माणूस घोरत होता, आणि एकाएकी घोरणं बंद झालं. पोट वरखाली होत होतं, पण नाकातोंडातून वारा जात-येत नव्हता. चेहरा गडद होत चालला. मागून प्राप्तीचा आवाज ऐकू येत होता. ती मजेत आकडे मोजत होती. एकवीस, बावीस, तेवीस. पस्तिसाला तिचा आवाज बदलला. एकेचाळिसाला ती "पप्पा" म्हणाली, आणि पडद्यावरच्या माणसाने बुडत्याने डोकं वर काढावं तशी हबकून हवा ओढली, नि पुन्हा घोरू लागला.

अमिषा मागे उभी होती. तिने मोबाइल काढून घेतला.

"मला हे दोन वर्षं म्हायती हाय," ती हलक्या आवाजात म्हणाली. "रोज मी हात लावून बघते. तुमी घाबराल म्हणून बोलले नाय. पण आता पोरीनं बघितलं."

दुसऱ्याच आठवड्यात ती त्याला पनवेलला डॉ. तेजस्वी मोकल यांच्याकडे घेऊन गेली. डॉक्टर पेणकडच्या, पन्नाशीच्या, बोलायला सरळ. दवाखान्यातल्या खुर्चीला हात होते. दिपेश त्या हातांच्या मध्ये मावेना, तेव्हा डॉक्टरांनी स्वतः उठून बिनहाताचं स्टूल पुढे सरकवलं. त्याला बरं वाटलं आणि लाजही वाटली.

रक्ताच्या तपासण्या झाल्या. झोपेची तपासणी करणारं यंत्र एका रात्रीपुरतं घरी लावून झालं. निकाल हातात घेऊन डॉक्टर म्हणाल्या, "ठाकूर, झोपेत तुमचा श्वास तासाला बावन्न वेळा थांबतो. साखर वाढलेली आहे, दाब वाढलेला आहे. गळ्याभोवतीची चरबी झोपेत श्वासनलिका दाबते. मी नाकावर लावायचं मशीन देते, ते आजपासून लावायचं. पण मूळ दुखणं वजनाचं आहे. तुम्ही आतापर्यंत काय काय केलंत?"

त्याने सगळं केलं होतं. भात सोडला होता, पाच महिने. पहाटे चालला होता, गुडघा सुजेपर्यंत. उलव्याच्या एका माणसाकडून डब्यातली पावडर आणून दोन वेळा तीच प्यायला होता. दर वेळी दहा किलो उतरत आणि बारा चढत.

"मग जठराची शस्त्रक्रिया," डॉक्टर म्हणाल्या. "जठराचा मोठा भाग काढून टाकतात. वाशीचे सर्जन करतील. तुमच्या कंपनीचा विमा आहे ना? विमावाल्यांना माझं पत्र लागेल, ही शस्त्रक्रिया हौस नाही, गरज आहे असं. उंची-वजनाचं एक गणित असतं. ते चाळीसच्या वर गेलं तर ते फारसं विचारत नाहीत. तुमचं येतं एकोणचाळीस पूर्णांक आठ. म्हणजे मला पटवून द्यावं लागेल."

"दोनच दशांश कमी हाय मॅडम. चाळीस लिहून टाका ना."

"एक आकडा खोटा लिहिला की पत्रातलं प्रत्येक वाक्य खोटं ठरतं," त्या म्हणाल्या. मग पेन थांबवून त्यांनी विचारलं, "गाडी चालवताना कधी डोळा लागलाय?"

खोलीतला पंखा फिरत होता. दिपेशच्या डोळ्यांसमोर तांब्या घेतलेली म्हातारी उभी राहिली. पण पत्र कंपनीच्या ऑफिसातून पुढे जाणार होतं. ज्या ड्रायव्हरला गाडीवर झोप लागते त्याला चावी कोण देणार? वीस वर्षांत तो दुसरं काही शिकला नव्हता.

"नाय मॅडम. गाडीवर कधीच नाय."

डॉक्टरांनी त्याच्याकडे थोडा जास्त वेळ बघितलं. "तरीही मशीनची सवय होईपर्यंत गाडी चालवू नका," त्या म्हणाल्या. त्याने मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीवर गेला.

मशीन त्याला सोसलं नाही. नाकातोंडावर तो मुखवटा आवळला की लहानपणी खाडीच्या भरतीत गटांगळ्या खाल्ल्या होत्या तसं होई, आणि अर्ध्या तासात तो ओरबाडून काढून टाकी. आता त्याला दोन भीती झाल्या. मुखवटा लावला तर गुदमरायची, काढला तर न उठायची. रोज अंथरुणावर पाठ टेकताना तो मनात म्हणे, उद्या प्राप्तीला शाळेत सोडायचंय. जणू काम बाकी असलं की माणूस मरत नाही.

तीन आठवड्यांनी विमावाल्यांचं उत्तर आलं. अमिषाने ते ओटीवर बसून वाचलं. झोपेच्या विकारावर यंत्राचा उपाय आहे, शस्त्रक्रियेची निकड पत्रावरून स्पष्ट होत नाही, सबब प्रस्ताव परत.

आतून दिपेशची आई कृष्णाबाई बाहेर आली. तिला तर हायसंच वाटलं. "बरा झाला," ती म्हणाली. "तुझा बापूस पोट भरत नाय म्हनून आयुष्यभर झुरला, आन् तू हाय तो पोट कापाया निघालास? टेबलावरून उठला नायस तं मी कोनाच्या तोंडाकडं बघू?"

दिपेशला तेच तर वाटत होतं. टेबलावरून उठलो नाही तर? पण टेबलावर गेलोच नाही तर? यार्डातला ओंकार म्हणाला, "परत वजन करायला जाशील तेव्हा खिशात चार नटबोल्ट टाक, चाळीसच्या वर जाशील." दिपेश हसला नाही. खरंच टाकावेत काय, असा त्याने दोन दिवस विचार केला.

*

पुन्हा पनवेलला गेले तेव्हा डॉक्टरांनी परत आलेले कागद समोर ठेवले.

"मशीन लावता?"

"सोसत नाय."

"हे मी लिहू शकते. पण मला अजून एक विचारायचंय, आणि या वेळी अमिषाताईंसमोर विचारते. दिवसाला दहा तास रस्त्यावर असणारा माणूस, ज्याचा श्वास तासाला बावन्न वेळा थांबतो, त्याला गाडीवर कधीच झोप लागली नाही, हे मला पटत नाही. मला जे माहीत नाही ते मी लिहिणार नाही."

कपाळावरून घाम ओघळला तो दिपेशने बाहीने पुसला. अमिषाने त्याच्या मांडीकडे बघितलं. तिथे त्याची बोटं जुन्या सवयीने चिमटा काढत होती.

"गियरचा दांडा," ती म्हणाली. "दोन वर्षं मला गियरचा दांडा सांगताव."

आणि मग ते बाहेर आलं. थांबत, अडखळत आलं. चिर्ल्याचं वळण, माती, तो आवाज, आरसा. मग टायरमधला गर. एवढा मोठा माणूस त्या छोट्या स्टुलावर पुढे वाकून रडू लागला.

"ती म्हणजे नीराबाय," अमिषा म्हणाली. "मी तिच्याकडनं ताडगोले घेतलेत. प्राप्तीला घेऊन गेलेय मी तिथं."

डॉक्टरांनी पाण्याचा पेला पुढे केला. तो पाणी पिऊन होईपर्यंत थांबल्या. मग म्हणाल्या, "हे मी लिहिणार. तारखेसकट. पत्र कंपनीत जाईल. आणि आजपासून तुम्ही स्टिअरिंगला हात लावायचा नाही. हे मी वेगळं लिहून देते, तुमच्या साहेबांच्या नावाने."

"मॅडम, मग मी करू काय? मला दुसरं येतं काय?"

"ते मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. "पण पुढच्या वेळी ती बाई पाणी आणायला उठलेली नसेल."

पत्र इंग्रजीत होतं. पाठवायच्या आधी त्यांनी ते मराठीत करून सांगितलं. रुग्ण पेशाने अवजड वाहनाचा चालक आहे. वजन कमी करण्याचे तीन प्रयत्न झाले, टिकले नाहीत. मशीन लावण्याचा प्रयत्न केला, सहन झालं नाही. एप्रिलमध्ये वाहन चालवताना झोप लागून वाहन रस्त्याबाहेर गेलं आणि एका व्यक्तीचा जीव थोडक्यात वाचला. शस्त्रक्रिया लांबवल्यास रुग्णाच्या आणि रस्त्यावरच्या इतरांच्या जिवाला धोका आहे. माझ्या मते ही शस्त्रक्रिया आवश्यक आहे.

"रस्त्यावरच्या इतरांच्या," हे शब्द दिपेशने पुन्हा एकदा वाचायला सांगितले.

दोघं रिक्षाने परत निघाली. चिर्ल्याचं वळण आलं तशी अमिषाने रिक्षा थांबवायला सांगितली. नीराबाई आता रस्त्यापासून बरीच आत, बांधापलीकडे झाडाखाली बसली होती. पुढ्यात काकड्या होत्या. दिपेश तिच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि कोण, कधी, ते सांगितलं.

म्हातारीने मान वर करून त्याच्याकडे बघितलं. "तू व्हतास व्हय," ती म्हणाली. "मोठी गारी आली का अजून माझे हात कापतान. लेक म्हनतो घरी बस, पन घरी बसून खाऊ काय?"

"मावशी, मी थांबलो नाय. चुकलो."

"चुकलास," ती म्हणाली. तो पाया पडायला वाकला तर तिने पाय मागे घेतले. "येवढं सांगाया आलास, बरा केलास. आता जा."

*

कंपनीतले साहेब बाबाजी पाटील, ज्यांनी वीस वर्षांपूर्वी दिपेशला पहिली गाडी दिली होती, त्यांनी डॉक्टरांचा कागद दोनदा वाचला. मग हात पुढे केला. दिपेशने खिशातून चावी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. बाबाजींनी त्याला यार्डाच्या गेटवर बसवलं, येणाऱ्या-जाणाऱ्या कंटेनरचं सील तपासायला. पगार कमी झाला. पण त्याहून कठीण गोष्ट म्हणजे ओंकार आणि बाकीचे ड्रायव्हर त्याच्या समोरून गाड्या मागे घेत, आणि आता चेष्टा कोणी करत नव्हतं.

मंजुरीचं पत्र ऑगस्टच्या शेवटी आलं. ते हातात आलं तेव्हा दिपेशला आनंद व्हायला हवा होता. पण आता मागे फिरायला कारण उरलं नव्हतं.

शस्त्रक्रियेच्या सकाळी वाशीच्या त्या रुग्णालयात त्याच्याकडून सह्या घेतल्या. कागदावर काय काय होऊ शकतं त्याची यादी होती. त्याने ती वाचायला घेतली आणि तिसऱ्या ओळीला सोडून दिली. प्राप्तीला घरी आजीजवळ ठेवलं होतं. कृष्णाबाईने निघताना त्याच्या तोंडावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली होती. त्याला चाकांच्या खाटेवरून नेताना अमिषा दारापर्यंत आली. त्याने तिचा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

"मशीन लावतील ना ते?" त्याने विचारलं. "सांग त्यांना, झोपेत माझा श्वास थांबतो. सांग."

"पत्रात लिवलंय सगलं. त्यांनी वाचलंय."

"तरी सांग."

तिने सांगितलं. भूल देणारा डॉक्टर तरुण होता. तो थांबून खाली वाकला आणि म्हणाला, "काका, तुमचा श्वास आज मी घेणार. तुमच्या घशात नळी असेल आणि माझा हात तुमच्यावर असेल. तुम्ही फक्त झोपा."

दोन वर्षं ज्या गोष्टीच्या भीतीने त्याने मिरच्या चावल्या, मांड्या काळ्यानिळ्या करून घेतल्या, तीच ते त्याला आता देणार होते. वर दिवे होते. त्याला ओरडावंसं वाटलं, थांबा, मला घरी जाऊ द्या. तोंड उघडलं, पण जीभ उचलेना. प्राप्तीचा आवाज आठवला, एकवीस, बावीस. तेवीसपर्यंत तो पोचला नाही.

जाग आली तेव्हा पोटात आग होती, घसा खरवडला होता, आणि समोर अमिषा खुर्चीत बसून झोपली होती. दिपेशने तिला उठवलं नाही. तो जागा आहे हे पुन्हा पुन्हा तपासत पडून राहिला.

पुढचे महिने सोपे गेले नाहीत. चार चमचे पेज प्यायली की पोट भरे आणि पाचव्याला उलटी होई. केस गळले. गावच्या हळदीत मटणाच्या पातेल्यापासून लांब उभं राहताना त्याला आपण परगावचे पाहुणे आहोत असं वाटे. दहा महिन्यांत तो सत्त्याऐंशी किलोंवर आला. कृष्णाबाई बघून म्हणाली, "आता तोंडावरून बापसासारका दिसतोस," आणि आत जाऊन रडली.

झोपेची तपासणी पुन्हा झाली. श्वास थांबणं जवळजवळ बंद झालं होतं. डॉक्टर मोकल यांनी गाडी चालवायला हरकत नसल्याचं लिहून दिलं, दर सहा महिन्यांनी येऊन दाखवायच्या अटीवर.

बाबाजींनी चावी परत दिली. दिपेशने एक आठवडा गाडी चालवली आणि शनिवारी चावी घेऊन त्यांच्या टेबलासमोर उभा राहिला.

"मला गेटवरच ठेवा, साहेब."

"झोप येते परत?"

"झोप नाय येत. भीती वाटते. सगला वेळ वाटते. हात सुटत नाय स्टिअरिंगवरचे."

बाबाजींनी चष्मा काढून पुसला. "माझ्याकडे तीस ड्रायव्हर आहेत," ते म्हणाले. "त्यातले सव्वीस कशालाच भीत नाहीत. त्यांच्या काळजीने मला ब्लडप्रेशर झालंय. तू सोमवारी ये."

तो सोमवारी आला. अजूनही तोच ट्रेलर चालवतो. दोन तासांनी थांबतो, उतरतो, चाकांभोवती एक फेरी मारतो. काच खाली ठेवतो आणि रस्त्यावरची गावं एकेक करून मोठ्याने म्हणत जातो, करळ, जासई, गव्हाण फाटा, पळस्पे, म्हणजे आपण जागे आहोत हे आपल्याच कानांना ऐकू यावं.